कुड्याच्या सालीने बॅक्टेरिया मरतात, मग अँटिबायोटिक कशाला? नीट समजून घेऊ

गेल्या थंडीत देवरुखकडच्या आमच्या आत्याचा फोन आला. तिला लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या, तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली आणि नेमकी त्याच संध्याकाळी तिच्या मोबाइलवर कुणीतरी बातमी पाठवली की कुड्याच्या सालीतल्या द्रव्याने सगळ्यात चिवट जंतूसुद्धा मरतात असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. "अगं, परड्यात कुड्याची चार झाडं आहेत, तू तर जंतूंचंच शिकवतेस, मग ह्या गोळ्या बंद करून सालीचा काढा घेऊ का?"

मी म्हटलं, आत्या, आधी सातही दिवसांच्या गोळ्या पूर्ण कर, मग बोलू. पण ती ऐकणाऱ्यातली नाही, तिला कारण हवं होतं, आणि खरं सांगायचं तर तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. बातमी पूर्ण खोटी नव्हती. कुड्याच्या सालीत खरंच काहीतरी आहे. फक्त ते जे करतं ते बातमीत लिहिलं होतं त्यापेक्षा वेगळं आहे, आणि माझ्या मते जास्त कामाचं आहे. तासभर फोनवर जे बोलले ते इथे जरा सविस्तर लिहितेय, कारण कधी कुडा, कधी बाभूळ, कधी अर्जुन, अशा बातम्या सतत फिरत असतात आणि त्या वाचून गोळ्या मध्येच सोडणारे लोक मी बघितलेत.

हा विषय किती गंभीर आहे त्याचा एकच आकडा देते. २०१९ या एका वर्षात जगभरात अंदाजे १२ लाख ७० हजार माणसं अशा बॅक्टेरियामुळे गेली ज्यांच्यावर अँटिबायोटिक चाललंच नाही. त्यामुळे नवीन औषध शोधणं गरजेचं आहे याबद्दल वादच नाही, आणि झाडांकडे बघणं हेही योग्यच आहे.

झाड सालीत असलं काही का साठवतं?

झाडाला पळता येत नाही. गाईने शिंग घासलं, कोयता लागला, भुंगेऱ्याने पोखरलं तरी तिथेच उभं राहायचं. सालीचा बाहेरचा खडबडीत थर मेलेला असतो, पण त्याच्या आत एक जिवंत थर असतो आणि त्यातून पानांनी बनवलेली साखर मुळांकडे जात असते. म्हणजे साखरेचा पाइपच तो, आणि साखर म्हटलं की कीड, बुरशी, बॅक्टेरिया सगळ्यांचा डोळा त्याच्यावर. त्यात आपल्याकडचा पावसाळा. कोकणात जुलैमध्ये चामड्याची चप्पल आठवडाभर कोपऱ्यात राहिली तर हिरवी होते, आणि झाड तर चार महिने त्याच दमट हवेत भिजत उभं असतं. मग सालीत तुरट आणि कडू द्रव्यं भरून ठेवणं हाच त्याचा बंदोबस्त.

तुरट म्हणजे बहुतेक वेळा टॅनिन. कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ आवळते ना, ते टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला चिकटतं म्हणून. बाभूळ, जांभूळ, ऐन, अर्जुन यांच्या साली टॅनिनने भरलेल्या असतात, बाभळीच्या सालीने तर चामडं कमावतात, तिथेही हेच होतं, कातड्यातल्या प्रोटीनला टॅनिन घट्ट धरून बसतं आणि कातडं कुजत नाही. कडू म्हणजे पुष्कळदा अल्कलॉइड, नायट्रोजन असलेली द्रव्यं, जी थोड्या प्रमाणातसुद्धा जोरदार परिणाम करतात. चहातलं कॅफिन अल्कलॉइड आहे, आणि कुड्याच्या सालीतलं कोनेसीनही अल्कलॉइड आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. झाडाने हे सगळं आपल्यासाठी केलेलं नाही. त्याचे शत्रू म्हणजे मुख्यतः बुरशी, किडे आणि झाडांना लागणारे बॅक्टेरिया. आत्याच्या मूत्राशयातला बॅक्टेरिया त्याच्या ओळखीचासुद्धा नाही.

सालीतून ते नेमकं द्रव्य वेगळं कसं काढतात?

फोडणीत तिखट टाकलं की तेल लाल होतं आणि पाण्यात टाकलं तर रंग नीट उतरत नाही, हे आपण रोज बघतो. काही गोष्टी तेलात विरघळतात, काही पाण्यात. लॅबमध्ये हेच तत्त्व. साल सावलीत वाळवायची, दळून भरड करायची आणि वेगवेगळ्या द्रावणांत एकामागून एक भिजवायची, आधी तेलकट गोष्टी ओढणारं, मग मधलं, मग पाण्याच्या जवळचं. प्रत्येक द्रावण उडवून दिलं की तळाला चिकट काळपट गोळा उरतो. त्याला अर्क म्हणायचं.

त्या अर्कात शेकडो द्रव्यं असतात. शाळेत खडूच्या टोकाला शाईचा ठिपका देऊन तो खडू पाण्यात उभा केला होता आठवतंय? पाणी वर चढताना शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. तसंच काचेच्या लांब नळीत बारीक पावडर भरून वरून अर्क सोडायचा, द्रव्यं कमीजास्त वेगाने खाली येतात, ती वेगवेगळ्या बाटल्यांत धरायची आणि प्रत्येक बाटली बॅक्टेरियावर टाकून बघायची. ज्या बाटलीचा परिणाम दिसला तिच्यात पुन्हा तीच चाळणी. असं करत करत शेवटी एकच शुद्ध द्रव्य उरतं, मग मशीनवर त्याची रचना ओळखायची. किलोभर सालीतून शेवटी कधीकधी चिमूटभरच पांढरी पूड हाती लागते आणि तोवर पोरांचे सहा महिने गेलेले असतात.

कोनेसीन मात्र फार आधीच सापडलं, १८५८ साली. म्हणजे बॅक्टेरियामुळे रोग होतात हे सिद्ध व्हायच्या कितीतरी आधी.

तबकडीवरचं ते गोल वर्तुळ

बातमीत फोटो असतो तो बहुतेक याचाच. काचेची किंवा प्लॅस्टिकची चपटी तबकडी, तिच्यात खळीसारखा घट्ट झालेला बॅक्टेरियाचा खाऊ, त्यावर बॅक्टेरिया पसरवायचे आणि अर्कात भिजवलेली टिकलीएवढी कागदी चकती मध्ये ठेवायची. रात्रभर ३७ अंशांवर ठेवलं की सकाळी सगळीकडे बॅक्टेरियाची दुधाळ साय आलेली असते, आणि अर्कात दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल. उजेडासमोर तबकडी धरली की तो गोल इतका सुंदर दिसतो की कुणालाही वाटावं, झालं, औषध सापडलं.

दोन वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी अशीच धावत आली होती, "मॅडम, बघा केवढा झोन आलाय!" बाभळीच्या सालीचा अर्क होता. मी विचारलं, नुसत्या द्रावणाची चकती कुठे आहे? ती ठेवायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, अर्क नसलेली, फक्त द्रावणात भिजवलेली चकतीही शेजारी ठेवली, आणि तिच्याभोवतीही जवळजवळ तेवढाच गोल आला. चकती नीट वाळलीच नव्हती, द्रावणानेच बॅक्टेरिया मारले होते. पोरगी रडवेली झाली. मी तिला सांगितलं की आज तू खरं विज्ञान केलंस, आणि ते मी मनापासून सांगितलं. चकत्या पूर्ण वाळवून तिसऱ्यांदा केलं तेव्हा पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसवर छोटा पण खरा गोल आला आणि ई. कोलायवर काहीच नाही. हे दोन बॅक्टेरिया लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

गोल आला तरी दुसरा प्रश्न उरतोच, किती लागलं? फिनाइलनेही गोल येतो, म्हणून कुणी फिनाइल पीत नाही. त्यासाठी एक मोजमाप आहे, एमआयसी म्हणतात त्याला, म्हणजे बॅक्टेरियाची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण. आप्पेपात्रासारखी ९६ छोट्या खळग्यांची प्लेट असते, पहिल्या खळग्यात द्रव्य भरपूर, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्याही निम्मं, असं करत जायचं आणि कुठल्या खळग्यापासून पाणी गढूळ व्हायला लागतं ते बघायचं. चांगलं अँटिबायोटिक, जंतू त्याला सरावलेला नसेल तर, एका मिलिलिटरला १-२ मायक्रोग्रॅममध्ये किंवा त्याहून कमीत काम भागवतं. सालीच्या कच्च्या अर्काला बऱ्याचदा १ मिलिग्रॅम, म्हणजे १००० मायक्रोग्रॅम लागतात. आता हिशेब करा, माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, म्हणजे नुसत्या रक्तात ही पातळी यायला ५ ग्रॅम अर्क थेट रक्तात उतरायला हवा, आणि औषध तर रक्तापुरतं थांबत नाही, सगळ्या शरीरात पसरतं. काढा प्यायल्याने हे होणं शक्य नाही.

टॅनिनचा आणखी एक घोटाळा आहे. ते सगळ्याच प्रोटीनला चिकटतं, त्यामुळे तबकडीवर जवळजवळ कुठल्याही बॅक्टेरियाला ते थोडंफार अडवतं. पण पोटात गेलं की जेवणातल्या प्रोटीनलाच चिकटून बसतं आणि रक्तापर्यंत फारसं पोचतच नाही. म्हणून "अमुक सालीचा अर्क बॅक्टेरियाविरोधी" अशी बातमी आली की माझा पहिला प्रश्न असतो, टॅनिन बाजूला काढून बघितलं होतं का?

भिंत आणि पंप

आता ते दोन बॅक्टेरिया. १८८४ साली हान्स क्रिस्टियन ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरांनी बॅक्टेरिया रंगवायची एक पद्धत काढली, काही जांभळे राहतात, काहींचा जांभळा रंग धुऊन जातो. जांभळे ते ग्रॅम पॉझिटिव्ह, दुसरे ग्रॅम निगेटिव्ह. नुसत्या रंगाचा खेळ वाटतो पण फरक भिंतीचा आहे. स्टॅफिलोकोकस पहिल्या गटातला, त्याची भिंत जाड पण सच्छिद्र, गोणपाटासारखी. ई. कोलाय दुसऱ्या गटातला, त्याच्या भिंतीवर बाहेरून आणखी एक आवरण असतं, ज्यातून फक्त छोट्या छोट्या दारांनी आत जाता येतं, आणि सालीतली बरीच द्रव्यं आकाराने मोठी किंवा तेलकट असतात, ती दारात अडकतात. लघवीच्या इन्फेक्शनला बहुतेक वेळा हाच ई. कोलाय जबाबदार असतो. न्यूमोनियाचा क्लेबसिएला आणि आयसीयूमध्ये ज्यांच्या नावाने डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात ते सुडोमोनास आणि असिनेटोबॅक्टर, हे सगळे याच गटातले.

भिंतीतून शिरलं तरी पुढे पंप आहेतच. इफ्लक्स पंप म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणात बसवलेली बारीक यंत्रं, आत आलेलं नको ते द्रव्य ती बाहेर फेकतात. होडीला भोक पडलंय, पाणी आत येतंय, पण आत बसलेला माणूस डब्याने भराभर उपसतोय, अशी होडी बुडत नाही. अँटिबायोटिक म्हणजे ते पाणी. उपसणारा चपळ असेल तर कितीही चांगलं अँटिबायोटिक असो, आत साठतच नाही.

झाडांच्या द्रव्यांचं दुबळेपण बरंचसं या दोन गोष्टींमुळे आहे. २००२ मध्ये एका अभ्यासात हे पंप बंद पाडून वनस्पतींची द्रव्यं पुन्हा तपासली तेव्हा जी आधी निरुपयोगी वाटली होती त्यांतली बरीचशी एकदम धारदार निघाली. म्हणजे द्रव्यात दम होता, ते आत टिकत नव्हतं.

कुडा नक्की काय करतो

इथे मला जो मुद्दा सांगायचाय तो येतो. आपण सगळे सालीत "मारणारा" शोधतोय. पण कदाचित झाडाकडे त्याहून मोलाचा असा "मदत करणारा" आहे.

२००० सालचं एक संशोधन मी दरवर्षी वर्गात सांगते. दारुहळद आपल्याला माहितीय, साल खरवडली की आत पिवळीधमक. तो पिवळा रंग बर्बेरीन नावाच्या अल्कलॉइडचा. बर्बेरीन स्टॅफिलोकोकसवर फार कमकुवत पडतं, कारण पंप ते लगेच बाहेर फेकतो. दारुहळदीच्या अमेरिकेतल्या भाऊबंदांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना प्रश्न पडला की झाड असलं कमकुवत शस्त्र कशाला बाळगेल? शोधल्यावर त्याच झुडपात आणखी एक द्रव्य सापडलं, मेथॉक्सीहिड्नोकार्पिन. हे एकटं बॅक्टेरियाचं काहीच वाकडं करत नाही. फक्त पंप अडवतं. होडीत पाणी उपसणाऱ्याचे हात धरून ठेवतं, आणि मग तेच बर्बेरीन बॅक्टेरियाला बुडवतं. झाडाने जोडी केली होती. आपण शुद्ध द्रव्य काढायच्या नादात जोडी फोडतो आणि म्हणतो, यात काही दम नाही. आणि त्या अवघड नावातलं हिड्नोकार्पस म्हणजे आपलं कडू कवठ, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर ओढ्याकाठी वाढणारं. त्याच्या बियांचं तेल कुष्ठरोगावर पूर्वी वापरायचे आणि हे द्रव्य त्या तेलात आधीच नोंदवलेलं होतं.

कुड्याचं कोनेसीन याच जातीचं निघालं. थायलंडमधल्या संशोधकांनी २०१६-१७ च्या सुमारास असिनेटोबॅक्टर आणि सुडोमोनासवर ते वापरून बघितलं. ज्या अँटिबायोटिकना हे बॅक्टेरिया दाद देत नव्हते त्यांच्यासोबत कोनेसीन दिल्यावर काहींचा असर परत आला, सुडोमोनासमध्ये पंप अडवल्यामुळे तो आला असं दिसलं. नीट वाचा, अँटिबायोटिकसोबत. आत्याला आलेल्या बातमीत हाच शब्द गळला होता. आणि हे सगळं लॅबमधल्या बॅक्टेरियावर, माणसावर नाही. आत्याला मी म्हटलं, म्हणजे गोळी सोडून कुडा घेतलास तर उपसणाऱ्याचे हात धरले पण होडीत पाणीच नाही.

"मग आमची आजी कुड्याचं पाळ द्यायची ते काय?"

हा आत्याचा पुढचा प्रश्न, आणि तो तिने जरा रागानेच विचारला. तिच्या लहानपणी कुणाला आव झाली की आजी कुड्याचं पाळ, म्हणजे मूळ, सहाणेवर उगाळून ताकातून द्यायची. आयुर्वेदात कुटज म्हणून ते शेकडो वर्षांपासून अतिसारावर आहे, कुटजारिष्ट आजही दुकानात मिळतं.

यात आजीचं काही चुकत नव्हतं. जुलाबाचा रोग आतड्यात असतो आणि प्यायलेलं औषध थेट आतड्यातच जातं. तिथे त्याला रक्तात उतरायची गरज नाही, त्यामुळे तिथली मात्रा जास्त असते. शिवाय आव पुष्कळदा अमीबामुळे होते, आणि अमीबा म्हणजे बॅक्टेरिया नव्हेच. गेल्या शतकात अमीबाच्या आवेवर शुद्ध कोनेसीन औषध म्हणून दिलं जायचं. तुरटपणाने आतडं थोडं आवळतं तेही आहेच. पण हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं की बरेचसे जुलाब तीन-चार दिवसांत आपोआप थांबतात आणि त्या दिवसांत जीव वाचतो तो पाणी, मीठ आणि साखर पोटात गेल्याने. ताक दिलं जायचं हे त्यातलं मोठं शहाणपण होतं.

मूत्राशयाचं, फुप्फुसाचं, रक्ताचं इन्फेक्शन हा वेगळा मामला. तिथवर पोचायला औषधाला आतड्यातून रक्तात, लिव्हरमधून पार होऊन, पुरेशा प्रमाणात, तासन्‌तास टिकून जावं लागतं. जुलाबावर चालतं म्हणून लघवीच्या इन्फेक्शनवर चालेल असं होत नाही.

क्विनीनचं उदाहरण लोक हमखास देतात, तेही सालीतूनच आलं ना? आलं. सिंकोनाच्या सालीतून १८२० मध्ये पेलेतिए आणि कावांतू या फ्रेंच केमिस्टांनी ते वेगळं केलं आणि असंख्य जीव वाचवले, पुढे निलगिरीत सिंकोनाचे मळे लावले गेले. पण मलेरिया हा परजीवी आहे, बॅक्टेरिया नाही, त्याचं शरीर वेगळं, त्याच्या दुखऱ्या जागा वेगळ्या. बॅक्टेरियाच्या इन्फेक्शनवर पोटातून किंवा इंजेक्शनने द्यायचं, थेट झाडातून आलेलं एकही अँटिबायोटिक आज डॉक्टरांच्या नेहमीच्या वापरात नाही. पेनिसिलिन बुरशीतून आलं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या बॅक्टेरियातून. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हॅमायसिन सापडलं, तेही पिंपरीच्याच मातीतल्या सूक्ष्म जिवातून, अर्थात ते बुरशीवरचं औषध आहे. मातीतले हे जीव एकमेकांशी थेट भांडतात, त्यांची शस्त्रं एकेकटी धारदार असतात. झाडाची पद्धत दहा कमकुवत गोष्टी एकत्र वापरायची आहे.

"नैसर्गिक आहे, त्रास कसला होणार?"

कोनेसीन माणसांना दिलं तेव्हा त्रास झाला. झोप उडणं, बेचैनी, चक्कर, हात थरथरणं, काही रुग्णांना मानसिक गोंधळसुद्धा. पुढे कळलं की कोनेसीन मेंदूतल्या एका हिस्टामिन रिसेप्टरला अडवतं, म्हणजे आपल्याला जागं-झोपलेलं ठेवणाऱ्या बटणांपैकी एकावर जाऊन बसतं. झोप उडण्यामागे ते असू शकतं. नंतर जास्त सोयीची औषधं आली आणि ते मागे पडलं.

पंप अडवणाऱ्या द्रव्यांचा त्रास आणखी वेगळा. आपल्या आतड्यात, लिव्हरमध्ये, मेंदूच्या रक्तवाहिन्यांतही पंप आहेत, विषारी गोष्टी बाहेर काढणारे. बॅक्टेरियाचा पंप अडवताना आपलाही अडवला तर रोजच्या गोळ्यांची रक्तातली पातळी अचानक वाढू शकते. बर्बेरीनमुळे किडनी बदललेल्या रुग्णांच्या सायक्लोस्पोरिन या औषधाची पातळी वाढलेली दिसलीय. पंप अडवणारं एकही औषध अजून अँटिबायोटिकच्या जोडीला बाजारात येऊ शकलेलं नाही त्यामागचं हे एक मोठं कारण. म्हणून बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी कुठलीही साल उकळून रोज प्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, आणि वैद्यांकडे जात असाल तर त्यांनाही गोळ्यांची यादी दाखवा, कृपा करा पण हे लपवू नका.

"झाडांची औषधं कंपन्या मुद्दाम दाबून ठेवतात"

हे मला दर वेळी ऐकायला मिळतं. वस्तुस्थिती याहून वाईट आहे. नवीन अँटिबायोटिक बनवून कंपन्या बुडतात. अकाओजेन नावाच्या अमेरिकन कंपनीने प्लाझोमायसिन आणलं, २०१८ मध्ये त्याला तिथे मंजुरी मिळाली, तीही गुंतागुंतीच्या लघवीच्या इन्फेक्शनसाठी, आणि २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. कारण साधं आहे, बीपीची गोळी माणूस आयुष्यभर घेतो, अँटिबायोटिक आठवडाभर, आणि नवीन चांगलं अँटिबायोटिक आलं की डॉक्टर ते शेवटचं हत्यार म्हणून जपून ठेवतात, जे बरोबरच आहे, पण मग विक्री होत नाही. अशा बाजारात कुड्याच्या सालीतलं एखादं द्रव्य घेऊन कोण दहा वर्षं झगडणार? हे सरकारी पैशांवर, विद्यापीठांतच करावं लागणार आहे, आणि आपल्याकडे झाडं आहेत, माहिती आहे, हुशार पोरं आहेत, तरी बहुतेक प्रोजेक्ट तबकडीवरच्या गोलापाशी संपतात याचं मला खरंच वाईट वाटतं. गोल मोजला, पेपर छापला, संपलं. पंपाची चाचणी नाही, अँटिबायोटिकसोबत जोडी लावून बघितलेली नाही, माणसाच्या पेशींना काय होतं ते बघितलेलं नाही.

साल काढायची झालीच तर?

झाडाभोवती पूर्ण गोल साल सोलली की तो साखरेचा पाइप तुटतो, मुळं उपाशी पडतात आणि काही महिन्यांत झाड वाळतं. अर्जुन आणि अशोकाच्या झाडांचे असे हाल झालेले मी बघितलेत, बुंधा सोलून उघडा पडलेला, वर पानं अजून हिरवी, पण झाड संपलेलं.

आणि कुडा म्हणजे कुठला कुडा? पांढरा कुडा औषधी. काळा कुडा दिसायला जवळचा, त्याचीही फुलं पांढरी, फांदी तोडली की त्यालाही चीक येतो, पण कोनेसीनसाठी जी साल हवी ती त्याची नव्हे. गोंधळ इतका जुना की कोनेसीनचं एक जुनं नाव राइटीन आहे, राइटिया म्हणजे काळ्या कुड्याच्या शास्त्रीय नावावरून पडलेलं, भलत्याच झाडाचं नाव. ओळखायची सोपी खूण शेंगांची, दोघांनाही जोडीने लांब शेंगा येतात, काळ्या कुड्याची जोडी टोकाला एकमेकींना चिकटलेली असते, पांढऱ्या कुड्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात. बाजारात साल भुकटी होऊन येते तेव्हा शेंगा कुठून बघणार? लॅबमध्येही नमुना आणताना आम्ही फांदी, पान, फूल, शेंग सगळं दाबून वाळवून ठेवतो, नाहीतर सगळे आकडे भलत्याच झाडाचे.

हे सांगितल्यावर आत्या फोनवर थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या चारांतल्या दोघांच्या शेंगा टोकाला चिकटलेल्या आहेत गं."

तिने सातही दिवसांच्या गोळ्या घेतल्या. नंतर तपासणी केली, लघवी साफ होती. मी सहज बोलून गेले होते की कोनेसीन सालीतच नाही, बियांतही असतं, इंद्रजव म्हणतात त्या बिया, आणि त्यासाठी झाड सोलायची गरज नाही. फेब्रुवारीत गावाहून येणाऱ्या भाच्याच्या हातून तिने वर्तमानपत्राच्या पुडीत सुकलेल्या शेंगा पाठवल्या, सगळ्या सुट्या असलेल्या, काही फुटून आतला रेशमी कापूस पुडीभर झालेला. सोबत आलेली एक फांदी पानासकट दाबून ठेवलीय, आणि बिया दळून बाभळीवाल्या त्याच विद्यार्थिनीने द्रावणात भिजत घातल्यात. या वेळी तिने नुसत्या द्रावणाची बाटली आधी भरून ठेवली, आणि प्लेटमध्ये एक ओळ नुसत्या अर्काची, एक नुसत्या लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची आणि एक दोघांची मिळून, अशी आखली आहे.